तोंडाने वाजवलेल्या गाड्या

आमच्या घरापर्यंत गाडी कधीच आली नाही. येणार कुठून? दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत समोरून म्हैस आली तर माणसाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहायचं, आणि प्रेत आलं तर पार मागच्या वळणापर्यंत जाऊन वाट द्यायची. अशा गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहून माझे वडील अर्ध्या बनारसच्या मोटारवाल्यांचे सल्लागार झाले होते. आज हे मी नातवंडांना हसत सांगते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी जीभ चावली असती. शाळेत बाईंनी "पिताजी क्या करते हैं?" विचारलं की मी "वैदिक हैं" म्हणायचे आणि घाईघाईने खाली बसायचे. पण बनारसमध्ये कुणाचं काय लपलंय! मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "घर्र्र… घर्र्र…" आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा.

बाबा मुळात याज्ञिक. मुंजी, वास्तुशांती, श्राद्धपक्ष, कार्तिकात पंचगंगा घाटावरची गडबड, असं आमचं चाललेलं असायचं. मग कुणा एका ओळखीच्या माणसाने नवी मोटार घेतली आणि तिची पूजा बाबांकडून करून घेतली. ती गाडी म्हणे नंतर उलटता उलटता वाचली. झालं! मराठी पंडितजींची पूजा लागते, अशी हवा झाली. बाबा तबकात हळदकुंकू, नारळ, फुलं, चाकाखाली ठेवायची लिंबं असं सगळं घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालत जायचे, कारण त्याच्या अलीकडे गाडी येत नसे. तिथे भर रस्त्यात, हॉर्नच्या गोंगाटात, ते बॉनेटवर स्वस्तिक काढायचे आणि खणखणीत आवाजात मंत्र म्हणायचे. आधी लोक फक्त पूजेला बोलवत. मग मुहूर्त विचारायला लागले. मग रंग. मग नंबरातल्या आकड्यांची बेरीज. आणि मग एके दिवशी एक गृहस्थ घरी आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "पंडितजी, पूजा आपने की थी, और अब गाड़ी आवाज़ कर रही है." जसं काही बाबांनीच ती बनवून दिली होती.

बाबांनी त्याच वेळी हात जोडून सांगायला हवं होतं की बाबा रे, मी भटजी, मला त्यातलं काय कळतं. पण त्यांनी विचारलं, "कैसी आवाज़?" आता गाडी काही जिना चढून येणार नव्हती. तो बिचारा इकडेतिकडे बघून घसा खाकरत म्हणाला, "घर्र्र्र… खट. घर्र्र्र… खट." बाबांनी डोळे मिटले. त्यांचा जन्म पाठशाळेत स्वर ऐकण्यात गेलेला. विद्यार्थ्याचा एक स्वर घसरला तरी ते पाठमोरे असताना पकडायचे. ते म्हणाले, "फिर से कीजिए. चढ़ाई पर आती है कि उतार पर?" त्या दिवसापासून आमच्या बाहेरच्या खोलीत जे सुरू झालं ते मी शाळा संपेपर्यंत सोसलं. चांगल्या मिश्या असलेली, पोट सुटलेली, कचेरीत साहेब म्हणून मिरवणारी माणसं सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि तोंडाने मोटारी वाजवायची. कुणी किर्रर्र करायचं, कुणी फट फट, कुणी नाकातून सूं काढायचं. बाबा हात वर करून थांबवायचे, "इतनी जोर से? नहीं? तो जितनी है उतनी ही कीजिए." आत आई हिरवे वाटाणे सोलत बसलेली असायची. आमच्याकडे थंडीत निमोना, म्हणजे वाटलेल्या वाटाण्यांचा रस्सा, व्हायचा तो गोडा मसाला घालून; बनारसचे लोक नाकं मुरडतील, पण आम्हाला तोच आवडायचा. आई वाटाणे सोलता सोलता पदर तोंडात कोंबून हसायची. "स्वतःला सायकल चालवता येत नाही," ती मला कुजबुजून म्हणायची, "आणि निघालेत इंजिनं सांगायला!"

मला मात्र हसू येत नसे. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील आले. चौकातले कापडवाले, शाळेच्या समारंभात पहिल्या रांगेत बसणारे. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले तर ते गाल फुगवून "भुर्रर्र, भुर्रर्र, भुस्स" करत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, तांब्या तिथेच ठेवून मी गच्चीत पळाले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याशी. तिला वाटलं असणार, तिचे वडील आमच्या घरी बसून असले चाळे करतात हे मी सगळ्या वर्गाला सांगणार. मी कशाला सांगते! माझंच तोंड काळं झाल्यासारखं मला वाटत होतं.

खरं सांगायचं तर बाबांचे सल्ले पुष्कळदा बरोबर निघायचे, आणि इथेच घात झाला. त्यांना यंत्रातलं काडीचं कळत नव्हतं. पण एखादा माणूस दुरुस्ती झाल्यावर पेढे घेऊन यायचा आणि मिस्त्रीने काय सांगितलं ते सविस्तर ऐकवायचा. बाबांची स्मरणशक्ती दांडगी. ऋचा लक्षात ठेवणाऱ्या माणसाला एवढं लक्षात ठेवणं काय अवघड! पुढच्या वेळी कुणी तसाच आवाज काढला की बाबा सांगायचे, "बेल्ट ढीला है." तो माणूस गॅरेजात जायचा, बेल्ट सैल निघायचा, बाबांचा जयजयकार. ज्यांचा बेल्ट सैल निघत नसे ते परत येत नसत. संकोचाने म्हणा, कंटाळून म्हणा, ते दुसरीकडे जायचे. त्यामुळे आमच्या सतरंजीवर सल्ला खरा ठरलेलीच माणसं जमायची, आणि बाबांना वाटायला लागलं की आपलं चुकतच नाही. हे मला आता या वयात कळतंय. तेव्हा मला फक्त एवढं दिसायचं की बाबा बोलताना मान थोडी मागे टाकायला लागलेत, आणि "मला वाटतं" म्हणायचे बंद झालेत.

गाडी घेण्याआधी यायचे ते वेगळेच. पेट्रोलची घेऊ की डिझेलची, पांढरी घेऊ की करडी, नवी घेऊ की कुणाची वापरलेली. वापरलेलीबद्दल बाबा पहिला प्रश्न विचारायचे, "पहिला मालक हयात आहे ना?" लोकांना हा प्रश्न फार आवडायचा. माझा धाकटा भाऊ आता पुण्यात हेच करतो, फक्त मोबाइलवर. लोक त्याला गाडीच्या आवाजाची रेकॉर्डिंग पाठवतात, तो मुहूर्त पाठवतो. मागे मी त्याला म्हटलं, "अरे, बाबांचं काय झालं ते विसरलास का?" तो म्हणाला, "ताई, मी खाली लिहितो ना, तज्ज्ञाला दाखवावे म्हणून." लिहितो तर लिहितो.

परांजपेकाका आणि कुमुदकाकू बनारसला आले ते बँकेतल्या बदलीमुळे. सोलापूरची माणसं. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून अर्धं हिंदी बोलणाऱ्या मराठी घरांत त्यांचं स्वच्छ मराठी ऐकायला आईला फार गोड वाटायचं. काकू एका शाळेत चित्रकला शिकवायची. गणेशोत्सवात ती रांगोळी घालायला बसली की बघायला घोळका जमायचा. ठिपके न मांडता, सरळ मनातून, एका दमात ती वेल काढायची. मीही तिच्या शेजारी बसून शिकायचे. काका मनाने चांगले पण भारी भाविक, आणि बाबांवर तर त्यांचा जीव. गाडी घेतली ती बाबांना विचारून, रंग बाबांचा, दिवस बाबांनी दिलेला. काकू एकदा आईला म्हणालीसुद्धा, "अहो वहिनी, आमच्या गाडीत आम्ही फक्त बसतो, बाकी सगळं गुरुजींचं!"

त्या दिवशी शनिवार होता आणि अमावास्या. सकाळी आई कचोरी-जिलेबी आणायला मला पिटाळणार होती, पण बाहेरची खोली माणसांनी भरलेली. चौकातले एक सराफ शेठ आले होते, मोठी गाडी घ्यायची होती त्यांना. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन-तीन आप्त. बाबा रंगात आले होते. तेवढ्यात परांजपेकाका आणि काकू जिना चढून आले, घामाघूम. काका टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, ब्रेकचं जरा विचित्र होतंय. पाय दिला की खाली खालीच जातो. दोनदा दाबला की मग लागतो. आवाज म्हणजे असा, फुस्स." काकांनी तो आवाज फार मनापासून काढला. शेठजी हसले.

बाबांनी डोळे मिटले, उघडले. काकू उभीच होती. ती म्हणाली, "गुरुजी, मी यांना म्हणतेय, गॅरेज आमच्या वाटेतच आहे. आत्ताच्या आत्ता दाखवून घेऊ. उद्या आम्हाला विंध्याचलला जायचंय." बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते काकांना म्हणाले, "आज शनी-अमावास्या. आज यंत्राला पाना लावायचा नाही. नवी गाडी आहे, ब्रेक बसायला वेळ लागतो. सोमवारी दाखवा." काकू पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "पण ब्रेक आहे हो तो. ब्रेकला कसली अमावास्या!" खोलीत कुणीतरी घसा खाकरला. काका लाजले, "अगं, गुरुजी सांगताहेत ना." मग त्यांनी विचारलं, "उद्या जायचं की नको?" बाबा प्रसन्न हसले. शेठजींकडे एक नजर टाकून म्हणाले, "देवीच्या दर्शनाला निघालात आणि विचारता काय? खुशाल जा. सावकाश चालवा." त्यांनी देव्हाऱ्यातला लाल दोरा काढून दिला, स्टिअरिंगला बांधायला. काकूने दोरा घेतला नाही, काकांनी घेतला. शेठजी आप्तांना म्हणाले, "देखा? ऐसे होते हैं पंडित." मला अजून आठवतं, जिना उतरताना काकूच्या चपलांचा आवाज फार जोरात येत होता.

दुसऱ्या दिवशी विंध्याचलहून परतीच्या वाटेवर ब्रेक लागलाच नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गाडी गेली. काकांना खरचटलं. काकूचा उजवा हात कोपरातून मोडला, चांगला वाईट मोडला. आम्हाला कळलं तेव्हा आईने गॅस बंद केला आणि ती नुसती ओट्याला धरून उभी राहिली. बाबा देवासमोर बसले होते. ते उठले नाहीत, पण त्यांचं स्तोत्रही पुढे सरकेना. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मला वाटलं, आता लोक येतील, आरडाओरडा होईल, आणि होऊ दे असंही वाटलं.

आले ते परांजपेकाका, एकटे, कपाळाला पट्टी, हातात पेढ्यांचा मोठा डबा. आल्या आल्या त्यांनी बाबांचे पाय धरले. "गुरुजी, तुमच्यामुळे वाचलो!" डोळ्यांत पाणी. "मिस्त्री म्हणाला, ब्रेकचं तेल गळत होतं, बरेच दिवस गळत असणार, आधी आणली असती तर थोडक्यात काम होतं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुला काय कळतंय! अमावास्येला हात लावला असता तर आज आम्ही दिसलोच नसतो. दोऱ्याने तारलं." खोलीत नेहमीची माणसं होती. सगळ्यांच्या तोंडून "वाह, वाह" निघालं. मी दाराशी उभी. मी बाबांकडे बघत होते. आता सांगतील, असं मला वाटत होतं. एकच वाक्य, की परांजपे, मिस्त्री बरोबर बोलतोय. बाबांचे ओठ हलले. काकांनी डबा उघडून पुढे केला. बाबांनी पेढा घेतला आणि तोंडात टाकला.

लाज म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आधी मला ज्याची वाटायची ती काही लाज नव्हे. ते आपलं पोरवयातलं मेलं, लोक हसतील म्हणून. हे निराळं होतं. कुणी हसत नव्हतं, उलट सगळे हात जोडत होते, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होत होतं. बाबा पेढा गिळत होते तो मला त्यांच्या गळ्यात उतरताना दिसत होता. इतक्या वर्षांनी, बाबा जाऊनही किती काळ लोटला, तरी पेढा समोर आला की मी "मला गोड चालत नाही" म्हणते. डॉक्टरने तसलं काही सांगितलेलं नाही.

आईने तो डबा उघडला नाही की वाटला नाही. तो फळीवर तसाच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. एरवी मुंगी दिसली की हळद टाकणारी माझी आई त्यांच्याकडे बघत राहायची आणि काही करायची नाही. बाहेर मात्र गर्दी वाढली. अपघातातून तारणारे पंडितजी म्हणून लांबलांबची माणसं यायला लागली. बाबा बोलेनासे झाले. कुणी आवाज काढला तर ते ऐकायचे आणि "देखेंगे" म्हणायचे. लोकांना वाटायचं, केवढं गांभीर्य! जेवताना ते भात कालवायचे आणि ताट सरकवून उठायचे. शेवटी एका दुपारी आई त्यांच्यासमोर बसली. "अहो," ती म्हणाली, "त्या बाईला बघायला मी दोनदा जाऊन आले. तिचं कोपर सरळ होत नाही. फळ्यावर हात पोचत नाही तिचा, डाव्या हाताने रेघा ओढते आणि मुलं हसतात. तुम्ही एकदाही गेला नाहीत." बाबा म्हणाले, "काय तोंडाने जाऊ?" आई म्हणाली, "ज्या तोंडाने पेढा खाल्लात त्याच." मग तिने मला हाक मारली. "यांच्याबरोबर जा. एकटे पाठवले तर अहिल्याबाई घाटावर जाऊन बसतील आणि जाऊन आलो म्हणून सांगतील."

सिगऱ्याला परांजप्यांच्या घरी जायला आम्ही मैदागिनवरून रिक्शा केली. वाटेत जो तो "प्रणाम गुरुजी" म्हणत होता. एरवी बाबांचा हात आशीर्वादाला आपोआप उठायचा. त्या दिवशी ते उपरण्यात हात खुपसून बसले होते. मी त्यांच्यापासून जेवढं सरकता येईल तेवढं सरकून बसले होते. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि या दोन्हीचं काय करावं ते मला समजत नव्हतं.

परांजपेकाकांनी दार उघडलं आणि ते इतके हरखले की त्यांना काय करू नि काय नको झालं. गुरुजी स्वतः घरी! बाबा सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. पाणी येण्याआधीच ते म्हणाले, "परांजपे, मी चुकीचं सांगितलं. ब्रेकमधलं मला काही कळत नाही. गाडीतलंच काही कळत नाही. तुम्ही त्या दिवशी गॅरेजात जायला हवं होतं आणि मी तुम्हाला अडवलं. वहिनींचा हात माझ्यामुळे गेला." काकांचे डोळे भरून आले. "कुमुद, ऐकलंस?" ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले. "एवढा मोठा माणूस, आणि दोष स्वतःवर घेतोय! याला म्हणतात निगर्वी." आणि ते वाकून बाबांच्या पाया पडायला लागले. बाबांनी पाय वर सोफ्यावर ओढून घेतले. "अहो, नाही हो! मी खरं सांगतोय, ऐका तरी!" ते जवळजवळ ओरडले. "योग होता, गुरुजी," काका म्हणाले. "योगाला तुम्ही काय करणार?" बाबा जितकं कळवळून सांगत होते तितके काका हात जोडत होते. आजवर बाबांच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस नेमक्या या एका शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. मला तिथे बसवेना. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

तेवढ्यात कुमुदकाकू बाहेर आली. डाव्या हातात पाण्याचा पेला. उजवा हात पोटाशी दुमडलेला. तिने तो पेला बाबांसमोर ठेवला, पुन्हा आत गेली, दुसरा पेला माझ्यासाठी घेऊन आली. काका "अगं, मी आणतो" म्हणाले, पण ती थांबली नाही. मग ती समोरच्या खुर्चीवर बसली. बाबा उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही तरी माझं ऐका," ते म्हणाले. "मी तुमची क्षमा मागायला आलोय."

"क्षमा नकोय मला, गुरुजी," काकू म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला एक विचारायचंय, ते खरं सांगा. त्या शनिवारी मी म्हटलं होतं, गॅरेज वाटेत आहे, आत्ता दाखवून घेऊ. दोनदा म्हटलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

बाबांना नाही म्हणता आलं असतं. खोलीत गर्दी होती, बोलाचाली चालली होती. कुणीही विश्वास ठेवला असता. "आलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"समोर शेठजी बसले होते. घरातल्या बाईने म्हटलं म्हणून मी गाडी गॅरेजात पाठवली असं दिसलं असतं, तर माझं काय राहिलं असतं?" बाबांचा आवाज फाटला. "बरोबर तुमचंच होतं. तेव्हाही मला वाटलं होतं की बरोबर तुमचंच आहे."

काकूने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, बाबा असे उघड्यावर पडलेले मला बघवत नव्हते, आणि तरी त्यांनी ते शब्द परत घेऊ नयेत असं मला फार वाटत होतं. काकूने खुर्चीतल्या खुर्चीत वळून काकांकडे पाहिलं. काका अजून हात जोडूनच उभे होते.

"आणि तुम्हाला आलं होतं ऐकू?" तिने विचारलं.

काकांचे हात हळूहळू सुटले. त्यांनी आधाराला म्हणून बाबांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघताय?" काकू म्हणाली. "मी तुम्हाला विचारतेय."